उपकेंद्रातल्या ताईंना उत्तर : ऑर्कनीची केबल आणि आपला फीडर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया चार दिवसांपूर्वी आली. तिला दोन ओळींत उत्तर देणं बरं वाटलं नाही, म्हणून वेगळं लिहितो आहे. मागच्या लेखात मी स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या ऑर्कनी बेटांवरच्या वीजप्रयोगांबद्दल लिहिलं होतं, आणि विद्यापीठ, वीज कंपनी व गावकरी एकत्र आले की काय होऊ शकतं याचं कौतुक केलं होतं. तुम्ही लिहिलंत : "पंधरा वर्षं ग्रामीण उपकेंद्रात काढली आहेत. विद्यापीठ आणि उद्योगाचं सहकार्य म्हणजे सामंजस्य करार, हार-तुरे, फोटो आणि वर्षभराने पॅनेलच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेला एक डबा. बावीस हजार वस्तीच्या बेटांची गोष्ट ऐकून रात्री दोनला पाणी भरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला काय मिळणार? आणि तिथेही म्हणे वारा असताना पवनचक्क्या थांबवतात. याला यश म्हणायचं?"

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि मागच्या लेखात मी त्याला नीट हात घातला नव्हता.

ऑर्कनीला मुख्य भूमीशी जोडणाऱ्या ३३ केव्हीच्या दोन केबल समुद्राखालून जातात. प्रत्येकीची क्षमता साधारण २० मेगावॅट. तिथल्या वितरण कंपनीचा जुना हिशेब तुम्हाला लगेच पटेल, कारण आपल्याकडेही आपण असाच विचार करतो. एक केबल कधीही जाऊ शकते असं धरायचं, म्हणजे बाहेर जाऊ शकणार २०. बेटांवरची मागणी सगळ्यात कमी असते तेव्हा ती साधारण ६. बेरीज २६. एवढ्या निर्मितीला बिनशर्त जोडणी मिळाली. त्यानंतर दुसऱ्या केबलच्या भरवशावर, "एक केबल गेली की तुमचा ब्रेकर उघडणार", म्हणजे जोडणी तुटणार, या अटीवर, आणखी साधारण २० मेगावॅट घेतले. तिथे विजेचं जाळं भरलं. पुढच्या प्रत्येक अर्जाला उत्तर एकच : जागा नाही, जाळं वाढवावं लागेल. वाढवण्याचा अंदाज होता ३ कोटी पौंड.

ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या संशोधकांनी हाच हिशेब उलगडून पाहिला. केबल बंद पडलेली आहे, मागणी तळाला गेलेली आहे आणि सगळ्या पवनचक्क्या पूर्ण जोरात आहेत, असे तास वर्षातून किती येतात? फारच थोडे. मग उरलेल्या तासांत केबलमध्ये जागा आहे, फक्त ती कधी आहे आणि किती आहे हे क्षणाक्षणाला कळायला हवं. त्यासाठी जाळ्यावर जिथे जिथे अडतं त्या ठिकाणी प्रवाह मोजायचा, मर्यादा जवळ आली की नव्याने जोडलेल्या पवनचक्क्यांना उत्पादन कमी करण्याचा संदेश द्यायचा, ठरलेल्या वेळात कमी झालं नाही तर ब्रेकर उघडायचा. आणि संपर्कच तुटला तर पवनचक्कीने स्वतःहून सुरक्षित पातळीवर उतरायचं. हा शेवटचा नियम मला फार मोलाचा वाटतो. बोर्डावर गणित मांडणाऱ्याला तो सहज सुचत नाही. मोडेम बंद पडलेली रात्र ज्याने काढली आहे त्याला तो पहिल्यांदा सुचतो.

ही व्यवस्था २००९च्या नोव्हेंबरमध्ये कायमस्वरूपी सुरू झाली. खर्च सुमारे ५ लाख पौंड. त्याच जुन्या केबलवर आणखी २० मेगावॅटहून जास्त निर्मिती जोडली गेली. म्हणजे वारा असताना काही पवनचक्क्या थांबतात हे खरं आहे, पण ही व्यवस्था नसती तर त्या पवनचक्क्या उभ्याच राहिल्या नसत्या. थांबलेली पवनचक्की दिसते. न उभारलेली दिसत नाही.

तरीही तुमचा मुद्दा इथे संपत नाही. कुणाला थांबवायचं याचा तिथला नियम होता : शेवटी आलेला आधी थांबेल. नियम म्हणून साधा आणि कागदावर न्याय्य. पण शेवटी कोण आलं? ज्यांना पैसा उभा करायला वेळ लागला ते. ईडे नावाच्या छोट्या बेटावर लोकांनी मिळून २०१२ साली ९०० किलोवॅटची पवनचक्की उभारली. तिचं उत्पन्न गावाच्या कामांसाठी होतं आणि नेमकी तीच सतत रोखली जायची. पुढे तिथे रोखल्या जाणाऱ्या विजेवर हायड्रोजन तयार करण्याचा प्रयोग झाला. तो हायड्रोजन बोटीने ऑर्कनीतल्याच कर्कवॉलच्या बंदरात नेऊन, तिथे उभ्या असलेल्या बोटींना वीज देण्यासाठी वापरला गेला. राउझी आणि शेजारच्या बेटांवर दुसरा मार्ग काढला : पवनचक्कीला "कमी कर" असा संदेश आला की गावातल्या घरांमधले हीटर आपोआप चालू व्हायचे. चांगले प्रयोग होते, पण नियमानेच केलेल्या नुकसानीवरचे उपाय होते. २०१३पासून ऑर्कनी वर्षभरात वापरते त्याहून जास्त वीज अपारंपरिक स्रोतांतून बनवते, आणि तरीही घर उबदार ठेवण्याचा खर्च न झेपणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण स्कॉटलंडमध्ये सगळ्यात जास्त असलेल्या भागांत ऑर्कनी येते. तुम्ही "श्रीमंत बेटं" असं म्हटलेलं नाही, पण माझा लेख वाचून कुणाचाही तसा समज होईल. ही गोष्ट मी मूळ लेखात घालायला हवी होती. आता घातली आहे.

आता सामंजस्य करारांबद्दल. तुमचा राग मी समजू शकतो, कारण तो मीही अनुभवला आहे. पूर्वी मी ज्या कारखान्यात नियंत्रण-पॅनेलच्या विभागात होतो, तिथे जवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाशी करार झाला. विषय उत्तम होता : ग्रामीण फीडरवरचा, म्हणजे उपकेंद्रातून गावांकडे निघणाऱ्या वीजवाहिनीवरचा, व्होल्टेज दिवसभरात कसा हलतो. विद्यार्थ्यांना खऱ्या फीडरची वाचनं हवी होती. ती द्यायची की नाही यावर विधी विभागात कागद फिरत राहिला, आणि अखेर वाचनं मिळाली तेव्हा विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडले होते. त्यांनी प्रबंधात काल्पनिक फीडर घेतला होता. कुणाचीही नियत वाईट नव्हती. पण ज्या माणसाला त्या फीडरचा रोज त्रास होत होता, तो ऑपरेटर त्या बैठकांना एकदाही बोलावला गेला नाही. मीही त्याचं नाव सुचवलं नाही. आज त्याचं वाईट वाटतं.

ऑर्कनीत काय वेगळं झालं, असं विचाराल तर माझं उत्तर पैशापाशी थांबत नाही, पण पैशाची रचना तिथून वगळता येत नाही. २००५ मध्ये ब्रिटनच्या वीज नियामकाने, म्हणजे ऑफजेमने, दोन तरतुदी केल्या. वितरण कंपनीने उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्यापर्यंतची रक्कम संशोधनावर खर्च केली तर तिचा मोठा वाटा दरातून वसूल करायला परवानगी. आणि जाळ्याचा एखादा भाग नवीन पद्धतीच्या प्रयोगासाठी नोंदवून तिथे निर्मिती जोडली, तर दर किलोवॅटमागे नेहमीपेक्षा जास्त मोबदला. ऑर्कनीची अशी नोंदणी झाली. याचा अर्थ नीट पाहा. कार्यकारी अभियंत्याने प्रयोगाला होकार दिला आणि प्रयोग फसला, तर त्याच्याकडे बोट दाखवलं जाणार नाही, अशी सोय नियमातच झाली. आपल्याकडे एखादा साहेब नव्या यंत्रणेला नाही म्हणतो तेव्हा आपण त्याला जुन्या विचारांचा म्हणतो. पण लाईट गेली की फोन त्याला येतात, आमदारांचे आणि सरपंचांचेही. प्राध्यापकांना येत नाहीत. ज्याच्या अंगावर जोखीम येते त्याला तिची भरपाई मिळत नसेल तर करारावर कितीही सह्या होवोत, डबा कोपऱ्यातच जाणार.

दुसरी गोष्ट माणसांची. रॉबर्ट करी यांनी विद्यापीठात याच प्रश्नावर संशोधन केलं, ग्रॅहम ऑल्ट आणि इतर सहकाऱ्यांबरोबर कंपनी काढली, आणि तीच यंत्रणा ऑर्कनीच्या जाळ्यावर बसवली. प्रबंध, कंपनी आणि नियंत्रण कक्ष या तिन्ही ठिकाणी तीच माणसं आणि तीच केबल राहिली. ती कंपनी पुढे मित्सुबिशी इलेक्ट्रिकने विकत घेतली. सरकारी पैशातून उभं राहिलेलं ज्ञान परदेशी कंपनीच्या मालकीचं झालं, हा आक्षेप तुम्ही घेतला नाहीत, पण दुसऱ्या एका वाचकाने घेतला आहे आणि तो मला मान्य आहे. अशा करारांत जनतेचा वाटा आधीच लिहून ठेवायला हवा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. स्ट्रॉमनेस गावात २००३ साली लाटा आणि भरती-ओहोटीच्या यंत्रांसाठी चाचणी केंद्र उभं राहिलं, युरोपियन मरीन एनर्जी सेंटर. समुद्रात जाळ्याला जोडलेले तयार बिंदू, मोजमापाची उपकरणं, परवानग्यांची माहिती असलेली माणसं, सगळं एका ठिकाणी. तिथे यंत्र तपासणारी पेलामिस ही कंपनी २०१४ मध्ये बुडाली, ॲक्वामरीन पॉवर २०१५ मध्ये. वर्तमानपत्रांच्या भाषेत हे अपयशच. पण केबल राहिल्या, लाटांची वर्षानुवर्षांची नोंद राहिली, गावातले पाणबुडे, बोटवाले आणि वेल्डर ते काम शिकून राहिले. २०२१ मध्ये ऑर्बिटल कंपनीचं २ मेगावॅटचं भरती-ओहोटीचं यंत्र याच केंद्राच्या ईडेजवळच्या चाचणीक्षेत्रात जाळ्याला जोडलं गेलं. कंपन्या येतात, जातात. मोजायची जागा गावात राहिली पाहिजे, आणि तिथल्या नोंदी पुढच्याला मिळाल्या पाहिजेत.

आता तुमच्या रात्री दोनच्या शेतकऱ्याकडे येतो. त्याच्यासाठी आपल्याकडे २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे : उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प, आणि त्याची वीज दिवसा शेतीच्या फीडरवर. कल्पना अगदी योग्य आहे, रात्रीच्या साप-विंचवातून माणसाला सोडवणारी आहे. पण पावसाळ्यात चार दिवसांच्या संततधारेनंतर लख्ख ऊन पडतं, रानात पाणी साचलेलं असतं आणि एकही पंप चालू नसतो, तेव्हा काय होतं हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. वीज उलटी रोहित्रातून वर चढते, व्होल्टेज वर जातो. ऑर्कनीच्या केबलचा हिशेब आणि या फीडरचा हिशेब एकाच जातीचा आहे : सगळ्यात वाईट तास धरून प्रकल्पाचा आकार ठरवायचा, की तो तास मोजून, ओळखून, तेवढ्यापुरतं नियंत्रण करायचं? आणि नियंत्रण करायचं तर आधी कुणाला थांबवायचं? शेवटी आलेल्या शेतकरी गटाच्या प्रकल्पाला का? ईडेच्या लोकांनी ही किंमत मोजलेली आहे, म्हणून ती बेटं मला आपल्यासाठी कामाची वाटतात.

आणि आपल्याकडे अगदीच काही झालेलं नाही असंही नाही. जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत २०१२ मध्ये ९.४ किलोवॅटचं सौर जाळं ३९ घरांसाठी उभं राहिलं. पुण्याच्या ग्रामऊर्जा कंपनीने ते उभारलं आणि गावाने न्यास करून ते चालवायला घेतलं. मुंबई आयआयटीच्या सौर संशोधन केंद्राने देशभर फिरून प्रत्यक्ष बसवलेल्या पॅनेलची पाहणी अनेकदा केली. त्यांना दिसलं की मोठ्या प्रकल्पांच्या तुलनेत छपरांवरची आणि लहान प्रकल्पांतली पॅनेल जास्त वेगाने खराब होतात, आणि त्यात पॅनेलच्या दर्जाइतकाच हाताळणीचा आणि बसवण्याच्या पद्धतीचाही भाग आहे. हे ज्ञान प्रयोगशाळेत बसून मिळालं नसतं. गावातल्या छपरावर चढूनच मिळालं.

म्हणून तुमचा "फोटो आणि डबा" हा अनुभव मी नाकारत नाही. फक्त त्यावरून सहकार्यच नको, असा निष्कर्ष काढू नये अशी विनंती आहे. मला वाटतं, महाराष्ट्रात नव्या करारांची गरज नाही. एका जिल्ह्यातली पाच उपकेंद्रं निवडावीत, दहा वर्षांसाठी. त्यांच्या फीडरची वाचनं जवळच्या महाविद्यालयाला विनाअट मिळावीत. वीज नियामक आयोगाने तिथल्या फसलेल्या प्रयोगांचा खर्च आधीच मान्य करावा. आणि प्रत्येक बैठकीत उपकेंद्राचा ऑपरेटर आणि लाईनमन असावा, चहा द्यायला नाही, "हे रात्री चालणार नाही" हे सांगायला.

तुमच्याकडे माझं एक काम आहे. तुमच्या उपकेंद्रातून निघणाऱ्या फीडरांपैकी एखाद्यावर सौर प्रकल्प जोडलेला असेल, तर या पावसाळ्यात उघडीप पडलेल्या दिवशी दुपारी बारा ते तीनमध्ये तिथे नेमकं काय दिसतं, ते लिहाल का? आकडे देता येत नसतील तर देऊ नका. ब्रेकर कधी उडाला, कुणाचा फोन आला, तुम्ही काय केलंत, एवढंच. आणि कोपऱ्यात पडलेला तो डबा नेमका कशासाठी बसवला होता, तेही.