‘रेशन तोडा, मजूर येतील’ : मामांनी पाठवलेल्या मेसेजला उत्तर

हा मेसेज गेल्या पंधरा दिवसांत मला चार ठिकाणांहून आला आणि चारही वेळा मी तो सोडून दिला. परवा मात्र दिंडोरीच्या मामांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली स्वतःचं वाक्य जोडलं, ‘हा विषय आपल्या ग्रामसभेत घ्यायला हवा.’ मग गप्प बसवेना.

मेसेज थोडक्यात असा : नाशिक जिल्ह्यात काम पडलंय, माणसं मिळत नाहीत, कारण फुकट धान्य आणि लाडक्या बहिणीचे पंधराशे. रोजगार मेळाव्यात जागा रिकाम्या राहतात, कारण आपल्या पोरांना काम नको. म्हणून कारखाने परप्रांतीय भरतात. सरकारकडे नाव नोंदवलं की कंपनीला नोकरी द्यावीच लागते, तरी कोणी नोंदवत नाही. आणि शेवटी उपाय : जो मजूर द्राक्षबागेत येणार नाही, त्याचं रेशन ग्रामसभेने ठराव करून बंद करावं.

आधी हा उपायच घेते, कारण बाकीचं बहुतेक चुकीचं आहे आणि हे भयंकर आहे.

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य मिळतं. तो हक्क आहे. अमक्याच्या बागेत कामाला गेलं तरच धान्य, अशी अट त्या कायद्यात कुठेही नाही आणि ती घालण्याचा अधिकार ग्रामसभेलाही नाही. उपाशी राहण्याची भीती दाखवून माणसाला कामाला लावणं, याला आपल्याकडे वेठ म्हणतात. संविधानाच्या 23 व्या कलमाने वेठ बंद केली, 1976 मध्ये वेठबिगारीविरुद्ध स्वतंत्र कायदा आला. 1982 मध्ये दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दुसरा मार्ग नाही म्हणून किमान वेतनाहून कमी मजुरीत केलेलं कामसुद्धा सक्तीचीच मजुरी आहे. हे सगळं लांबचं वाटत असेल तर 2022 आठवा. आपल्याच इगतपुरी तालुक्यातली कातकरी लेकरं मेंढपाळांकडे वेठीला ठेवल्याचं तेव्हा उघड झालं होतं.

मामा, तुमच्याकडे पेठकडच्या मजुरांची टोळी येते. त्यातल्या बायकांना मामी दिवाळीला साड्या देते, त्यांची पोरं तुमच्या ओट्यावर झोपतात. त्याच पोरांच्या ताटातला भात काढून घ्यायचा ठराव तुम्ही मांडणार?

आता पंधराशे रुपये. महिन्याचे पंधराशे म्हणजे दिवसाचे पन्नास. पाच किलो धान्य म्हणजे माणशी दिवसाला पावणेदोनशे ग्रॅमसुद्धा नाही. तेल, डाळ, दवाखाना, पोरांच्या वह्या सगळं वेगळं. एवढ्यावर घरी बसणारं कुटुंब मला दाखवा. पैसे मिळाले की गरीब आळशी होतो, हे खरंच तपासून पाहिलं गेलंय. नोबेल मिळवणारे अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतल्या सात योजनांच्या चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून बघितली. हाती पैसे आल्यामुळे लोकांनी काम कमी केल्याचा ठोस पुरावा त्यांना सापडला नाही. त्या सहांत भारत नाही, हे मान्य. पण मेसेजवाल्याकडे तर कोणत्याच देशाचा पुरावा नाही.

मग ऑक्टोबरात मजूर का मिळत नाही? मामांना हे माझ्याहून चांगलं माहीत आहे, म्हणून जास्त राग येतो. निफाड-दिंडोरीत गोडी छाटणी, म्हणजे द्राक्षाला फळ धरण्यासाठीची छाटणी, सगळ्यांची त्याच काही आठवड्यांत येते. छाटणी झाली की डोळे फुटावेत म्हणून लगेच पेस्ट लावायची, पुढे फेलफुटी म्हणजे नको असलेल्या फुटी काढायच्या, मग डिपिंग म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं, आणि विरळणी म्हणजे घडातले जास्तीचे मणी काढणं. प्रत्येक कामाचे दिवस मोजलेले, आणि हजारो बागांना एकाच वेळी हात हवे असतात. हे हात येतात पेठ, सुरगाणा, हरसूल या आदिवासी भागाकडून, आणि त्याच सुमाराला तिकडे त्यांचा स्वतःचा भात कापणीला आलेला असतो. स्वतःचं वर्षाचं पीक वावरात टाकून दुसऱ्याच्या बागेत कोण येईल? तुम्ही गेला असता? शिवाय सुरगाण्यात आता काही जण स्ट्रॉबेरी लावतात, आणि शहरात 2027 च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत. माणूस आहे, तो दुसऱ्या कामावर आहे.

‘नोंदणी केली की नोकरी द्यावीच लागते’ हे तर निखालस खोटं. नाव नोंदवायची सरकारी कार्यालयं म्हणजे रोजगार विनिमय केंद्रं. त्यांच्या 1959 च्या कायद्यानुसार 25 किंवा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनेने रिक्त जागा कळवायच्या असत. कळवलं म्हणून तिथूनच माणूस घ्यावा अशी सक्ती नाही, असं त्या कायद्यातच लिहिलं होतं. आणि मेसेजवाल्याने न वाचलेली गोष्ट अशी की यंत्र चालवणारे सोडले तर शेती-बागायतीतली कामं आणि तीन महिन्यांहून कमी मुदतीची कामं त्या कायद्यातून वगळलेली होती. त्याची जागा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. पण साठ वर्षांहून जास्त काळ छाटणीचं काम केंद्राला कळवणं त्या कायद्याने कोणत्याही बागाईतदाराला बंधनकारक नव्हतं. बागाईतदार आणि मजूर यांची गाठ घालून देणारा एकच माणूस, तो म्हणजे टोळी आणणारा मुकादम. नाहीतर पहाटे गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात जाऊन उभं राहायचं. मजूर नाहीत अशी ओरड करण्याआधी त्यांना शोधायची व्यवस्था कोणी उभी केली, ते सांगा.

मेळाव्यातल्या जागा रिकाम्या राहतात, हे मात्र खरं आहे. नाइलाजाने कबूल करते. पण का राहतात? माझा आतेभाऊ आयटीआय फिटर. मेळाव्यात त्याची निवड झाली, सिन्नरकडच्या एका कारखान्यात गेला, तेव्हा कळलं की नेमणूक ठेकेदाराच्या नावावर, शिफ्ट बारा तासांची आणि रात्री पाळी सुटल्यावर पंचवटीला यायला गाडी नाही. मेळाव्याच्या टेबलावर यातलं काहीच सांगितलं नव्हतं. तो दुसऱ्या आठवड्यात सोडून आला. कागदावर मात्र एक जागा रिकामी आणि एक पोरगा कामचुकार. ठेकेदार कोण, पगार हातात किती, जाण्यायेण्याची सोय काय, एवढं जागेच्या यादीतच लिहिलं तर निम्मे गैरसमज तिथेच मिटतील.

परप्रांतीयांबद्दल दोनच वाक्यं. लांबून आलेला माणूस कारखान्याजवळच खोली घेतो आणि सांगाल तेवढा ओव्हरटाइम करतो, म्हणून तो ठेकेदाराला सोयीचा पडतो. त्यात ना त्याचा दोष, ना आपल्या पोरांचा.

मामा, टोळीच्या मुकादमाला श्रावणातच फोन करा. त्यांची भातकापणी कधी संपते ते विचारा आणि चार शेजाऱ्यांना सोबत घेऊन छाटणीच्या तारखा मागेपुढे लावून घ्या. मजुरी किती आणि ती कोणत्या दिवशी मिळणार, तेही तेव्हाच ठरवा. आणि तो मेसेज ग्रामसभेच्या आधी ग्रुपवरून काढा. ज्यांना पुढे पाठवला असेल, त्यांना हे पाठवा.