मशीन बसण्याआधी युनियनला विचारा

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जगभरातली सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. इंदूरला सुपर कॉरिडॉरवर या कंपनीचा मोठा कॅम्पस आहे, त्यामुळे राजेंद्रनगरातल्या आमच्या ओळखीच्या बऱ्याच घरांत फोन खणखणले. कंपनीने कारण कौशल्यांचा मेळ बसत नसल्याचं दिलं होतं, पण घराघरांत धास्ती होती ती एआयची. मी इकडे जर्मनीत श्टुटगार्टला बसून सगळ्यांशी बोलत होते आणि मला दोनच मतं ऐकू येत होती. एक, एआय येणारच, पोरांनी गुमान नवं शिकून घ्यावं. दुसरं, सरकारने हे सगळं थांबवावं. युनियनचं नाव फक्त शेजारच्या काकांनी काढलं, तेही एवढंच विचारायला की, "हुकुमचंद मिलवाल्यांना युनियन करून काय मिळालं गं?"

काकांचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. हुकुमचंद मिल ही इंदूरची कापडगिरणी १९९२ मध्ये बंद पडली. कामगारांची देणी चुकती करण्यासाठी सुमारे २२४ कोटींचा धनादेश निघाला २५ डिसेंबर २०२३ ला, म्हणजे तीन दशकं उलटल्यावर. जवळपास ४,८०० कामगारांचा तो पैसा होता, आणि तोवर कितीतरी जण गेले होते, त्यांचा वाटा विधवांच्या नाहीतर मुलांच्या हाती पडला. इतकी वर्षं आशा न सोडता कोर्टकचेऱ्या करत राहिलेल्या त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री बंद मिलांच्या नावाने झाँक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, अजून निघतात, त्याही अशाच माणसांनी टिकवल्या. हे शहर एकेकाळी कामगारांचं होतं, आणि १९६२ मध्ये होमी दाजींसारखा कामगार पुढारी अपक्ष उभा राहून इथूनच लोकसभेत गेला होता.

पण त्या लढ्याची वेळ पाहा. मशिनरी जुनी होत होती, पॉवरलूमचं स्वस्त कापड बाजारात येत होतं, नवी गुंतवणूक होत नव्हती, आणि हे निर्णय होत असताना कामगार दाराबाहेर होता. त्याच्या हाती लढाई आली ती गेटला कुलूप लागल्यावर, आणि मग उरलं काय तर ग्रॅच्युइटी, थकलेला पगार, वसुली. काकांना माझं उत्तर हे आहे: युनियन केली म्हणून त्यांचं नुकसान झालं नाही. त्यांना कुणी वेळेवर विचारलंच नाही, आणि विचारायला भाग पाडेल असा हक्क त्यांच्याकडे नव्हता.

मी जिथे काम करते तिथे तो हक्क आहे. जर्मनीत किमान पाच कायम कर्मचारी असलेल्या ठिकाणी कर्मचाऱ्यांना आपली समिती निवडून देता येते. तिला बेट्रीब्सराट म्हणतात. १९७२ च्या कायद्यानुसार कर्मचाऱ्याचं वागणं किंवा कामगिरी मोजू शकेल अशी कुठलीही तांत्रिक यंत्रणा या समितीच्या संमतीशिवाय सुरू करता येत नाही. एकमत झालं नाही तर प्रकरण लवाद मंडळापुढे जातं. २०२१ च्या दुरुस्तीत त्या कायद्यात एआयचा नाव घेऊन उल्लेख आला. एआयबद्दल मत बनवायचं असेल तर समितीला बाहेरचा तज्ज्ञ बोलावता येतो, त्याची गरज आता वेगळी सिद्ध करावी लागत नाही आणि खर्च मालकाच्या माथी.

आमच्या ऑफिसात तिकिटं, म्हणजे आलेल्या तक्रारी आणि कामं, माणसांना वाटून देणारं सॉफ्टवेअर आलं तेव्हा मी हे जवळून पाहिलं. समितीने विचारलं: यात कोणाची कोणती माहिती साठते, कोण पाहतं, किती दिवस राहते, आणि मॅनेजरला माणसागणिक आकडा दिसतो का? तो दिसत होता. करार होईपर्यंत ते बंद राहिलं आणि माणसागणिक आकडा काढून टाकूनच सुरू झालं. कुणी घोषणा दिल्या नाहीत, कुणी एआयला विरोधही केला नाही.

म्हणून जर्मनी म्हणजे स्वर्ग, असं मी म्हणणार नाही. अशी समिती इथल्या बहुसंख्य छोट्या कंपन्यांत नाहीच. जानेवारी २०२४ मध्ये हॅम्बुर्गच्या कामगार न्यायालयाने निकाल दिला की कर्मचारी आपापल्या खात्यावरून, ब्राउझरमधून चॅटजीपीटी वापरत असतील आणि मालकाला ती माहिती दिसत नसेल, तर समितीची संमती लागत नाही. शिवाय ब्लू कार्डवर, म्हणजे नोकरीशी जोडलेल्या राहण्याच्या परवान्यावर, आलेल्या आमच्यासारख्यांची गोष्ट वेगळी. नोकरी गेली की राहण्याच्या परवान्याची चिंता सुरू होते, त्यामुळे कितीतरी भारतीय इंजिनिअर समितीच्या निवडणुकीत मतसुद्धा द्यायला जात नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं. जो सगळ्यात असुरक्षित, तोच सगळ्यात गप्प.

आता माझा भाचा. तो इंदूरला अमेरिकन ग्राहकांचे फोन घेतो. त्याच्या प्रत्येक कॉलला सॉफ्टवेअर गुण देतं, त्यात आवाजातला उत्साहही मोजतं, आणि महिन्याचा इन्सेंटिव्ह त्यावर ठरतो. रात्रपाळीत, तापात, घरी आजी दवाखान्यात असताना आवाज थोडा उतरला की गुण उतरले. कशावरून, हे त्याच्या टीम लीडलाही सांगता येत नाही. युरोपीय संघाच्या एआय कायद्याने कामाच्या जागी माणसाच्या भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळता, २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली आहे. जे माझ्या बाबतीत बेकायदा, ते माझ्या भाच्याच्या पगाराचं माप आहे. हे मला मान्य नाही.

आपल्याकडे हे जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांना मी बँकांची आठवण करून देते. माझे बाबा इंदूरला सरकारी बँकेत होते. संगणक येणार म्हटल्यावर बँक कर्मचारी संघटनांनी आधी कडाडून विरोध केला, पण १९८३ मध्ये त्यांनी इंडियन बँक्स असोसिएशनशी, म्हणजे बँक व्यवस्थापनांच्या संघटनेशी, करार केला. मशीन कुठे आणि किती बसवायची याला मर्यादा, आणि ती चालवणाऱ्याला विशेष भत्ता. पुढे १९८७ आणि १९९३ मध्ये करार पुढे सरकत गेले. माणसं नंतर कमी झालीच. २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्तीत सरकारी बँकांतून लाखावर लोक बाहेर पडले. पण मधल्या वर्षांत संगणक टेबलावर आला तो बोलणी होऊन, आणि बाबांच्या पिढीला शिकायला सवड मिळाली.

कायद्यात धागासुद्धा आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ होतं: कामगार कपात होऊ शकेल असा तांत्रिक बदल करायचा तर मालकाने २१ दिवस आधी नोटीस द्यावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद आहे. मात्र तिथे बदलांची जी यादी आहे, तिच्यात कामगाराला गुण देणारं, पाळ्या लावणारं सॉफ्टवेअर स्पष्ट शब्दांत नाही. शिवाय त्याच संहितेने कपातीसाठी सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली. म्हणजे कपात सोपी झाली असताना नोटीस तरी खणखणीत हवी.

युनियनांनी, मग त्या इंटकच्या असोत, सीटूच्या, बीएमएसच्या की आयटीतल्या नव्या, पुढच्या मागणीपत्रात पगाराच्या आकड्याखालीच हे लिहावं: गुण देणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरची आगाऊ नोटीस, गुण कशावरून पडले ते पाहण्याचा हक्क, निव्वळ मशीनच्या आकड्यावर कुणालाही काढायचं नाही, आणि मालकाच्या खर्चाने तज्ज्ञ. तज्ज्ञ कुठून आणायचे, हा प्रश्न निदान इंदूरने विचारू नये. एकाच शहरात आयआयटी आणि आयआयएम दोन्ही आहेत. आणि भाच्याच्या वयाच्या पोरांनी युनियन म्हणजे मिलवाल्यांचं काम, असं समजणं सोडावं. त्याला मी हेच सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, आमच्या फ्लोअरवर कुणी पुढे होणार नाही." मग त्याने तीन नावं स्वतःहूनच सांगितली, त्यांना विचारून बघतो म्हणाला.