कोंबडी अंडी खाते म्हणून तिची चोच डागू नका

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, परसातली कोंबडी अंडी फोडून खायला लागली तर काय करायचं याचा. त्यात म्हटलंय की तिला अंड्याची चटक लागलेली असते आणि ती काही केल्या सुटत नाही, म्हणून चोचीचं टोक तापलेल्या उलथन्याने डागा, नाहीतर रिकाम्या अंड्यात मिरचीपूड भरून ठेवा, घरातली टरफलं चुकूनही घालू नका, आणि तरीही सुधारली नाही तर कापून मोकळे व्हा. लोक धन्यवाद म्हणून पुढे पाठवतायत. त्या चोच डागण्याच्या सल्ल्याने मला खरंच राग आलाय, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी जे मेसेजमध्ये नाहीच ते. अंडं कोंबडीनेच खाल्लंय का हे कुणी बघितलं? साप अंडं अख्खं गिळतो, मागे काही राहत नाही. घुशी, मुंगूस, कावळे हे पण अंडी पळवतात. कोंबडीने फोडलं असेल तर खालचं तूस ओलं चिकट लागतं, बाकीच्या अंड्यांना बलक लागलेला असतो, आणि जिने फोडलं तिच्या चोचीवर नाहीतर गळ्याच्या पिसांवर वाळलेला बलक दिसतो. सकाळी अंडी घालायच्या वेळेला थोडा वेळ लांबून बघत बसलं की कळतं कोण ते, सगळ्या कळपाला दोष द्यायची गरज नाही.

आता ती चटक. चटक लागते हे खरंय, आणि एकीचं बघून दुसरी शिकते हेही खरं, पण सुरुवात कोंबडीच्या मनात होत नाही हो, सुरुवात फुटलेल्या अंड्यापासून होते. कवच पातळ असतं किंवा खुराड्यात खाली नुसती फरशी असते, अंडं आपोआप तडकतं, कोंबडी समोर दिसेल त्याला चोच मारतेच, आणि आत मिळतं तिच्या रोजच्या दाण्यापेक्षा कितीतरी कसदार खाणं. मग पुढच्या वेळी ती स्वतः फोडते. म्हणजे विचारायचा प्रश्न असा की पहिलं अंडं फुटलं का.

बहुतेक घरी याचं उत्तर दाण्यात सापडतं. एका अंड्याच्या कवचात २ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि खाल्लेलं सगळं काही अंगी लागत नाही, म्हणून अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात साधारण साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम ठेवतात. आपण काय घालतो? मका, तांदळाची कणी, कोंडा, उरलेला भात. मक्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. मग ती बिचारी स्वतःच्या हाडातलं काढून कवच बनवते आणि तेही पुरेनासं झालं की मऊ, पातळ, कधी नुसत्या पडद्याची अंडी येतात. यावर लोक म्हणतात आमच्या आजीच्या कोंबड्यांना कुणी कॅल्शियम घातलं होतं. बरोबर आहे, पण ती गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी द्यायची, मध्येच खुडूक बसायची, आणि दिवसभर उकिरडा उकरून किडे, गोगलगायी, खडे, पाला काय काय खायची. आता आपण ग्रामप्रिया, कावेरी, वनराज अशा सुधारित जातींच्या कोंबड्या आणतो, त्या कितीतरी जास्त अंडी देतात, आणि ठेवतो जाळीच्या आत, दाणा मात्र आजीचाच.

उपाय महागडा नाही. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवायचा, जिला हवा ती खाते. सगळ्या दाण्यात मिसळू नका, कारण जास्तीचं कॅल्शियम पिल्लांच्या आणि तलंगांच्या (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांच्या) मूत्रपिंडाला बाधतं. चुरा भरड हवा, पीठ नको, कवच जास्त करून रात्री बनतं आणि भरड तुकडे पोटात हळूहळू विरघळत रात्रभर पुरतात. कोकणात तर तिसऱ्यांच्या शिंपल्या घरोघरी निघतात, धुऊन भाजून कुटल्या की झालं, घाटावर खाद्याच्या दुकानात शेल ग्रिट म्हणून मिळतं. सोबत थोडी सोयाबीन किंवा शेंगदाण्याची पेंड घाला (बुरशी आलेली अजिबात नको), कारण नुसत्या मक्यात प्रोटीनही कमी पडतं. आणि ऊन लागू द्या अंगाला, ड जीवनसत्त्व नसेल तर घातलेलं कॅल्शियम पचत नाही. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात कोंबड्या धापा टाकतात, दाणा कमी खातात, तेव्हा चांगल्या कोंबडीचंही कवच पातळ होतं, त्यावेळी सावली आणि गार पाणी हेच औषध. आणि अचानक सगळ्याच कोंबड्यांची अंडी पातळ, वेडीवाकडी यायला लागली, सोबत खोकला घरघर असेल, तर राणीखेत किंवा श्वासाचा दुसरा आजार असू शकतो, तेव्हा घरगुती उपाय बंद आणि सरळ पशुवैद्यकीय दवाखाना.

टरफलं घालू नका म्हणतात, ते कशासाठी? टरफल म्हणजे जवळजवळ सगळा कॅल्शियम कार्बोनेटच. अर्धं अंडं दिसेल असं टाकू नका एवढंच, वाळवून भाजून बारीक कुटून घाला, अंड्याचा आकारही दिसत नाही आणि वासही राहत नाही.

मिरचीचं तर सोडूनच द्या. मिरचीचा जो तिखटपणा आपल्याला झोंबतो तो पक्ष्यांना लागतच नाही. ज्यांना पुढे २०२१ चं नोबेल मिळालं त्या शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने २००२ मध्ये कोंबडीच्या नसांमधला तिखट ओळखणारा ग्राहक (रिसेप्टर) तपासून दाखवलं होतं की तिखटातल्या कॅप्सेसिनला तो दाद देत नाही. रानात मिरचीचं बी पक्षीच पसरवतात. म्हणजे मिरची भरलेलं अंडं ठेवून आपण तिला अजून एक अंडं खायला शिकवतोय.

आणि चोच. चोच म्हणजे नख नाही, टोकापर्यंत नसा असतात तिच्यात. मोठ्या फार्मवर चोच कापतात ती लहान वयात आणि त्याच्या मशीनने, तिथेही नंतर दुखत राहू शकतं हे अभ्यासात दिसलंय. वाढलेल्या कोंबडीला धरून उलथन्याने डागणं म्हणजे तिला दाणा टिपताना, पिसांतल्या उवा काढताना रोजचा त्रास देणं. एवढं करून पातळ कवचाचं अंडं फुटायचं ते फुटणारच. कृपा करून हे करू नका.

त्यापेक्षा अंडी घालायची जागा बघा. चार-पाच कोंबड्यांमागे एक खोका, अंधाऱ्या कोपऱ्यात, पुढे गोणपाटाचा पडदा, खाली तीन-चार इंच तूस किंवा पेंढा. बहुतेक कोंबड्या सकाळीच घालतात, म्हणून अकराच्या आत एकदा उचला आणि दुपारी परत एकदा. जी फोडतेच तिच्यासाठी खोक्याला मागे हलका उतार द्या, अंडं घरंगळून फळीखालून बाहेरच्या कप्प्यात जाईल असा, तिच्या चोचीला काही मिळतच नाही. तिथे लाकडाचं किंवा भाजलेल्या मातीचं खोटं अंडं ठेवलं की टोचून टोचून कंटाळते.

कापण्याबद्दल बोलायचं तर हो, एखादी जुनी कोंबडी कशालाच दाद देत नाही आणि बाकीच्यांनाही शिकवते, तिला वेगळं ठेवावं लागतं, आणि शेवटी काय करायचं ते ज्याच्या त्याच्या घरचं आहे. पण शिंपला, खोका आणि पाणी नीट न करता तिला कापलंत तर पुढच्या महिन्यात दुसरी तेच करेल, कारण कवच अजून तेवढंच पातळ आहे.