बॉनेटखालचे डाग

मी गाडीचं बॉनेट वर्षातून दोनदाच उघडतो. एकदा दसऱ्याला, कारण बाबांना बॅटरीलाही हळदकुंकू वाहायचं असतं, आणि एकदा दिवाळी झाली की बॅटरीत डिस्टिल वॉटर टाकायला, कारण तेवढं एकच काम मला येतं आणि ते करताना पार्किंगमधून जाणाऱ्यांना मी गाडीतला जाणकार वाटतो असा माझा समज आहे. यंदा डिसेंबरात तिसऱ्यांदा उघडावं लागलं. साताऱ्याचं लग्न उरकून रात्री खंबाटकी उतरून घरी आलो, सकाळी सेल्फ मारला तर जरा जड गेला, म्हणून बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या आजूबाजूला गोवराच्या पुरळासारखे डाग.

बरं डाग तरी एका जातीचे असावेत ना. बॅटरीच्या माथ्यावर, क्लॅम्पवर, शेजारच्या एअर फिल्टरच्या डब्यावर पाण्याचे बारीक शिंतोडे, वाळलेल्यांच्या कडेला पांढरट रांगोळी, आणि क्लॅम्पचा रंग पापुद्रा धरून सुटलेला. आणि टर्मिनलच्या, म्हणजे बॅटरीला वायर जोडतात त्या खुंटीच्या भोवती, तिथून खाली ओघळत पार इंजिनच्या कडेपर्यंत, मेणबत्तीसारखे घट्ट पांढरे थेंब. नखाने खरवडले तर साबणासारखे निघाले. म्हटलं ठीक आहे, ऑफिसात पोचल्यावर निवांत बघू, तर दुपारी बघतो तो मेण गायब! त्याच जागी चकचकीत तेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता परत मेण. थंडी बारा डिग्री होती आणि मी स्वेटर घालून पार्किंगमध्ये उभा राहून गाडीकडे असा बघत होतो जसं लोक दूध पिणाऱ्या मूर्तीकडे बघतात.

पहिली चूक मी ही केली की ते सगळं घरातल्या पिवळ्या फडक्याने पुसलं आणि हात पँटला पुसले. फडकं मशीनमधून बाहेर आलं ते चहाच्या गाळण्यासारखं, आणि जीन्सला मांडीवर सात भोकं. बायको म्हणाली, "या वयात ही फॅशन?"

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत बॉनेट उघडून दोन मिनिटं नुसतं उभं राहिलं की तज्ज्ञ समिती आपोआप जमते. तिसऱ्या मजल्यावरचे काका पिंपरीच्या कारखान्यातून रिटायर झालेत, ते न वाकताच म्हणाले, "हेड गॅस्केट." का विचारलं तर म्हणाले, "शेवटी हेड गॅस्केटच निघतं." बी विंगचे काका म्हणाले उंदीर, वायरी खातात आणि वर घाणही करतात, तंबाखूची पुडी ठेवा. वॉचमन म्हणाला, "मांजर आसंल साहेब, गरम इंजिनावर झोपतंय." मी रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला, म्हणजे काय गळतंय ते सकाळी कळेल, तर पुठ्ठा सकाळी भंगारवाल्याकडे गेलेला. त्याऐवजी लिफ्टपाशी नवीन पाटी लागली होती: "ज्यांच्या वाहनास गळती आहे त्यांनी ती स्वतःच्या हॉलमध्ये लावावीत." नाव नव्हतं, पण पाटीवरचा बाण माझ्या पार्किंगकडे होता.

मग गॅरेज. तिथल्या पोराने बॉनेट उघडलं, गाडी गरमच होती, नाक आत घालून म्हणाला, "गोड वास येतोय. कूलंट लीक." आता एवढं खरं आहे की कूलंटला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याला, गोडसर वास असतो, मीसुद्धा ऐकून होतो, म्हणून घाबरलो. पण मी म्हटलं, अहो ती कूलंटची बाटली बघा, लेव्हल बरोब्बर दोन रेघांच्या मधे आहे आणि कूलंट हिरवागार, हे डाग तर बिनरंगाचे. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "लेव्हल दिसते साहेब, पण असते असं नाही." या वाक्यापुढे माणूस काय बोलणार. एस्टिमेट बावीस हजार पाचशे. मी "घरी विचारून सांगतो" म्हणून निघालो, जे पुण्यात नाही म्हणायची सभ्य पद्धत आहे.

खरा शोध लागला तो आठवीतल्या लेकीमुळे. तिला शाळेत ॲसिड आणि बेस चालू होतं, म्हणाली बाबा, जास्वंद घासलेला कागद असला की ॲसिडने गडद गुलाबी होतो आणि बेसने हिरवा. आता जास्वंद आणायची कुठून, कारण सोसायटीच्या बागेतली फुलं पहाटे साडेपाचलाच वेगवेगळ्या मजल्यांवरच्या गणपतींकडे रवाना होतात, आणि ती तोडणाऱ्यांना कोणी कधी पाहिलेलं नाही. शेवटी आमच्याच देव्हाऱ्यातलं एक फूल आईची नजर चुकवून उचललं. पांढऱ्या कागदावर पाकळी घासली, जांभळट डाग पडला, त्यावर काडीने बॅटरीवरचा ओला थेंब टेकवला, आणि बघता बघता तेवढाच गोल ठिपका गडद गुलाबी झाला. खायच्या सोड्याचं पाणी टाकलं तो हिरवा. ॲसिड! मेणाचा थेंब ठेवला तर काहीच नाही. जास्वंद मेणाबद्दल बोलायला तयार नव्हती.

ॲसिड म्हणजे बॅटरी, म्हणून रविवार सोडून सोमवारी नाना पेठेत गेलो. बाबा लक्ष्मी रोडला उतरायचं म्हणून बरोबर आलेले, पण उतरेनात, मलाही बघू दे म्हणाले. बॅटरीवाला साठीचा माणूस, कमी बोलणारा. मल्टिमीटर लावला, गाडी बंद असताना साडेबारा व्होल्ट, चालू केल्यावर चौदा पॉइंट दोन. "बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बरोबर आहे. पंधराच्या वर गेला असता तर बॅटरी उकळत होती असं म्हटलं असतं." मग त्याने सहाच्या सहा झाकणं उघडली, टॉर्च मारला आणि माझ्याकडे बघितलं.

"पाणी कोणी टाकलं?"

"मीच," मी म्हणालो, जरा अभिमानानेच.

"कुठपर्यंत?"

"फुल्ल."

"पेट्रोल आहे का साहेब ते?"

म्हणजे झालं असं, की प्लेटा बुडून वर थोडं पाणी पुरतं, बाहेर मॅक्सची रेघ असते ती त्यासाठीच. मी प्रत्येक खाना गळ्यापर्यंत भरला होता. चार्जिंग होताना आतलं पाणी तापतं, हायड्रोजन-ऑक्सिजनचे बुडबुडे येतात, पातळी वर चढते, आणि जागाच नसली की झाकणाच्या बारीक भोकांतून ॲसिडचं पाणी बाहेर. त्यात सातारा जाऊन-येऊन आणि खंबाटकीचा घाट. त्याने पिचकारीने प्रत्येक खान्यातलं जादा पाणी काढलं, वर सोड्याचं पाणी ओतलं, ते असं फसफसलं की मला तिथल्या तिथे इनो प्यावासा वाटला. आणि परत उघड्या हाताने पुसू नका म्हणाला, माझ्या जीन्सकडे बघत.

"आणि हे मेण?" मी विचारलं.

त्याने बोटावर घेतलं, चोळलं, वास घेतला. परत घेतला. "खोबरेल आहे."

मला पहिल्यांदा काही कळेना. आणि मग महिनाभर गॅलरीत उन्हाला ठेवलेली ती निळी बाटली डोळ्यांपुढे आली, जी विरघळायला बाबा रोज सकाळी स्वतः उन्हात ठेवतात, आणि जी संपतेय म्हणून बायको कुरकुरत होती, आणि बाबांच्या डोक्यावर केस आहेत मोजून अकरा. खोबरेल चोवीस-पंचवीस डिग्रीला पातळ होतं, हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. गाडी गरम की तेल, पहाटे मेण, आणि गॅरेजवाल्याला आलेला गोड वास म्हणजे बाबांचा अभ्यंगस्नानाचा वास.

मी मागे बघितलं. बाबा काचेतून समोरच्या स्पेअर पार्टच्या दुकानाची पाटी फार लक्ष देऊन वाचत होते.

"बाबा?"

"गंजू नये म्हणून," ते म्हणाले. "आमच्या पाटबंधारे खात्याच्या जीपला ड्रायव्हर लावायचा. कधी काही झालं नाही."

"व्हॅसलीन लावतात काका," बॅटरीवाला म्हणाला. "पातळ थर. अर्धी वाटी नाही." सगळं पुसून त्याने लावूनही दिलं. सगळ्याचे दोनशे रुपये घेतले, सेल्फ पहिल्याच झटक्यात लागला, आणि मी कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्येसुद्धा शीळ वाजवत घरी आलो.

आठवड्याने सहज बॉनेट उघडलं. पाण्याचा एक डाग नाही, सगळं कोरडं. फक्त टर्मिनलवर पांढरं, घट्ट, बोटाचे ठसे उमटलेलं.

"बाबा, व्हॅसलीन लावलंय ना त्याने!"

"ते उन्हाळ्याला ठीक," बाबा पेपरमधून वर न बघता म्हणाले. "थंडीत हे गोठतं, त्यामुळे गळायचा प्रश्नच नाही."