टॉर्च मिणमिणते म्हणून पॉलिश पेपर काढू नका

एक मेसेज पुन्हा फिरतोय. मला तो वेगवेगळ्या ग्रुपांवर तीन-चारदा तरी आला असेल, आणि दर वेळी खाली अंगठ्यांची रांग. मजकूर थोडक्यात असा: “धातूची टॉर्च मिणमिणते? फेकू नका! सेलमधून येणारी पांढरी पावडर म्हणजे ॲसिड, त्यावर खायचा सोडा लावा. मग सगळे पॉइंट आणि आटे पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. स्प्रे मारा, व्हॅसलिन भरा, करंट जोरात जातो. सेल ढिला वाटला तर स्प्रिंगखाली फॉइलची घडी ठेवा. कितीही खराब टॉर्च नव्यासारखी चालते.”

यातलं सगळं खोटं असतं तर लोकांनी एकदा करून बघितलं असतं आणि सोडून दिलं असतं. अडचण अशी की घासल्यावर टॉर्च खरोखर लागते. काही दिवस ऐटीत चालते आणि मग पहिल्यापेक्षा वाईट होते. तोवर मेसेज पुढे गेलेला असतो.

पहिलं वाक्य, पांढरी पावडर म्हणजे ॲसिड. बहुतेक वेळा नेमकं उलट. अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण असतं. म्हणजे अल्क, आम्लाच्या बरोबर विरुद्ध टोकाचा पदार्थ. सेलचं नावच त्यावरून पडलंय. सेल पार उतरला, किंवा जुना आणि नवा सेल एकत्र घातला आणि त्यातला अशक्त सेल उलटा चार्ज व्हायला लागला, की आत हायड्रोजन साठतो. दाब वाढला की सील सुटतं आणि द्रावण बाहेर झिरपतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचं पोटॅशियम कार्बोनेट होतं. ती पांढरी खरखरीत पावडर ही.

विश्वास ठेवू नका, करून बघा. पावडरीचा कण ओल्या हळदीच्या कागदावर ठेवला की डाग लालसर होतो, शाळेत शिकलेली अल्काची खूण. त्याच पावडरीवर व्हिनेगरचा थेंब टाकला की बारीक फसफस होते. खायचा सोडा टाकला तर? एका पांढऱ्या पावडरीवर दुसरी पांढरी पावडर, एवढंच.

म्हणून अल्कलाइन सेल गळला असेल तर कापसाची काडी व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात जेमतेम ओली करायची आणि फसफस थांबेपर्यंत टिपत राहायचं. मग साध्या पाण्याची काडी, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलची. मधली पायरी गाळू नका. व्हिनेगर तिथेच राहिलं तर तेही धातू खातं. आणि हातमोजे घाला. गळलेलं द्रावण अजून ओलं असेल तर कातडी भाजते आणि डोळ्यात गेलं तर प्रकरण गंभीर होतं.

मग सोड्याची गोष्ट आली कुठून? माझ्या मते मोटारीच्या बॅटरीवरून. तिथे सल्फ्युरिक ॲसिडच असतं, टोकांवर पांढरा-निळसर थर चढतो आणि त्यावर सोडा हा अगदी योग्य उपाय आहे. जुन्या पद्धतीच्या झिंक-कार्बन सेलांतलं द्रावणही आम्लाकडे झुकणारं असतं, त्यामुळे तिथेही सोडा चालून जातो. तुमचा सेल कुठला हे त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. पेन्सिल सेलवर ‘एलआर ६’ असेल तर अल्कलाइन, नुसतं ‘आर ६’ असेल तर झिंक-कार्बन. सगळी मेख त्या एका अक्षरात आहे आणि मेसेजमध्ये नेमकं तेच नाही.

आता घासून चकचकीत करण्याबद्दल. सगळ्यात महागात पडणारी ओळ हीच.

टॉर्चमधली पट्टी आणि स्प्रिंग बहुधा पोलादाची नाहीतर तांब्याच्या एखाद्या मिश्रधातूची असते आणि तिच्यावर निकेलचा मुलामा असतो. हा मुलामा किती जाड? सहसा थोडेच मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन धरा म्हणजे अंदाज येईल. पॉलिश पेपरचे चार हात मारले की मुलामा गेला. खाली जे चकाकतं ते उघडं पोलाद असतं, आणि उघड्या पोलादाला गंजायला हवेतला ओलावा पुरतो.

मी हे स्वतः करून बसलोय. दोन सेलांची टॉर्च होती, स्प्रिंगच्या वरच्या वेढ्यावर काळपट डाग. बारीक पॉलिश पेपर घेतला आणि वेढा आरशासारखा केला. टॉर्च झकास लागली. काही आठवड्यांनी पुन्हा मिणमिणायला लागली म्हणून उघडली तर जिथे जिथे घासलं होतं तिथेच तपकिरी गंज. जिथे कागद पोचला नव्हता ते खालचे वेढे तसेच राखाडी, मळकट आणि ठणठणीत. भिंगातून बघताना गंजाची कड इतकी रेखीव दिसत होती की माझा हात कुठून कुठे फिरला होता तेही सांगता आलं असतं.

मुळात चकाकीचा आणि संपर्काचा संबंध आपण समजतो तेवढा नाहीच. धातूचे दोन पृष्ठभाग डोळ्यांना कितीही सपाट दिसले तरी ते एकमेकांना टेकतात मोजक्या सूक्ष्म उंचवट्यांवर. सगळा करंट त्या चिमूटभर जागांतून जातो. दाब वाढवला की उंचवटे चेपतात, टेकणाऱ्या जागा वाढतात, रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, उतरतो. म्हणून दमदार स्प्रिंगखालचा मळकट निकेल हा ढिल्या स्प्रिंगखालच्या आरशाला सहज हरवतो. डाग काढायचाच असेल तर साधं खोडरबर घ्या. ते डाग उचलतं आणि मुलाम्याला फारसा धक्का लावत नाही. नंतर अल्कोहोलने पुसा, नाहीतर रबराचे कण आत राहतात.

आट्यांचं तर विचारूच नका. ॲल्युमिनियमच्या टॉर्चवर जो काळा किंवा राखाडी थर दिसतो तो रंग नसतो, ते ॲनोडायझिंग असतं, म्हणजे मुद्दाम वाढवलेलं ॲल्युमिनियम ऑक्साइड. त्यातून वीज जात नाही. “म्हणूनच ते घासून काढायचं!” असं वाटेल. पण बऱ्याच टॉर्चमध्ये करंट आट्यांतून जातच नाही, नळीच्या उघड्या काठातून जातो. आट्यांवरचा थर कारखान्यात मुद्दाम ठेवलेला असतो, म्हणजे झाकण पाव फेरा ढिलं केलं की संपर्क तुटतो आणि पिशवीत टॉर्च आपोआप लागत नाही. तो थर घासलात की ही सोय संपली. शिवाय घासलेले आटे सैल होतात, ॲल्युमिनियमचा भुगा ग्रीसमध्ये मिसळतो आणि झाकण फिरवताना करकर आवाज सुरू होतो. काठ मात्र पुसायचा असतो. कापड, अल्कोहोल, दोन फेरे. संपलं.

मेसेजमध्ये एक गोष्ट कुठेच नाही: दोष नेमका कुठे आहे ते आधी शोधा. करंटचा रस्ता साधारण असा असतो. सेलच्या धन टोकापासून पुढच्या सर्किटला, तिथून एलईडी, मग डोक्याच्या धातूतून नळीत, नळीच्या काठातून मागच्या झाकणात, तिथून बटण, स्प्रिंग आणि परत सेलचं ऋण टोक. यात पाच-सहा जोड आहेत. एक बिघडला म्हणून सगळे खरवडण्यात काय अर्थ?

मागचं झाकण काढा. सेल आतच राहू द्या. तारेचा जाडसर तुकडा घेऊन त्याचं एक टोक सेलच्या ऋण टोकाला आणि दुसरं नळीच्या उघड्या काठाला क्षणभर टेकवा. टॉर्च लख्ख लागली तर सेल, डोकं, एलईडी सगळं ठीक, दोष झाकणात. तशीच मिणमिणली तर सेल बदलून बघा आणि मगच पुढच्या टोकाकडे वळा. तार फार वेळ धरू नका, मोठ्या टॉर्चमध्ये ती तापते.

दोष झाकणात निघाला तर आत बघा. बटणाची चकती एका धातूच्या रिंगने दाबून बसवलेली असते आणि त्या रिंगला समोरासमोर दोन बारीक खाचा असतात. टॉर्च हादरून हादरून ही रिंग ढिली होते. चिमट्याची दोन टोकं खाचांत घालून ती घट्ट फिरवली की काम होतं. ‘लूज कॉन्टॅक्ट’ म्हणून माझ्याकडे आलेल्या टॉर्चांमध्ये मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेला दोष हाच, आणि त्यावर कुठलीही पावडर, कागद किंवा स्प्रे चालत नाही. त्या मेसेजच्या हिशोबाने अशी टॉर्च आधी पूर्ण खरवडली गेली असती.

एवढ्याशा ढिलाईने इतका फरक का पडतो? तीन पेन्सिल सेल म्हणजे साडेचार व्होल्ट. अर्धा अँपिअर करंट आणि जोडात एक ओहम रोध धरा. अर्धा व्होल्ट तिथेच गेला. पांढऱ्या एलईडीला सुमारे तीन व्होल्ट लागतात आणि त्या आसपास व्होल्टेज जरा घसरलं तरी करंट धाडकन पडतो. लिथियम सेलच्या दांडग्या टॉर्चमध्ये तीन अँपिअर धरले तर नुसत्या ०.१ ओहम रोधात ०.९ वॅट उष्णता एका ठिपक्याएवढ्या जागेत तयार होते. स्प्रिंग तापते, तापून नरम पडते, दाब घटतो, रोध वाढतो, ती आणखी तापते. मल्टिमीटर लावून हा रोध मोजायला जाऊ नका. साध्या मीटरच्या दोन तारा एकमेकींना टेकवल्या तरी तो ०.२-०.३ ओहम दाखवतो. आपण जे शोधतोय ते त्याखालीच लपतं.

स्प्रेचं थोडक्यात. निळ्या-पिवळ्या डब्यातल्या ‘डब्ल्यूडी-४०’ या प्रसिद्ध स्प्रेच्या नावातलं ‘डब्ल्यूडी’ म्हणजे ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’, पाणी हटवणं. तो पाणी हटवतो आणि मागे तेलाचा पातळ थर ठेवतो. त्या थरावर धूळ बसते. कॉन्टॅक्ट क्लीनर ही वेगळी वस्तू आहे, ती उडून जाते आणि मागे काही ठेवत नाही. तोच स्प्रे बनवणारी कंपनी कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळ्या डब्यात विकते, यातच उत्तर आलं.

व्हॅसलिनबद्दल मात्र मेसेज अर्धा बरोबर आहे, आणि त्याचं कारण सपशेल चूक आहे. व्हॅसलिनमधून करंट जात नाही, जोरात तर नाहीच. ते विद्युतरोधक आहे. पण स्वच्छ जोडावर अगदी पातळ बोट फिरवलं तर दाबाखाली ते उंचवट्यांवरून बाजूला सरकतं, धातूला धातू टेकतो आणि आजूबाजूला हवा-पाण्याला अडसर तयार होतो. म्हणजे ते नव्या गंजाला अडवतं, आधीच्या गंजाला काही करत नाही. मळावर फासलं तर मळ जपून ठेवतं, इतकंच. ‘भरा’ हा शब्दच काढून टाका. आणि पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगकडे बघून ठरवा: नायट्राइल रबर व्हॅसलिनला दाद देत नाही, ईपीडीएम हे दुसऱ्या जातीचं रबर मात्र त्याने फुगून सैल होतं. सिलिकॉन ग्रीस दोन्हींना चालतं, पण रिंगच सिलिकॉनची असेल तर तिला नाही. बटणाच्या आत मात्र सिलिकॉन ग्रीस जाऊ देऊ नका. ठिणगीच्या उष्णतेत त्याची बारीक वाळू होते आणि ती वीज अडवते.

फॉइलची घडी: नको. ती चुरगळते, सरकते, तुकडा पडला तर शॉर्ट. स्प्रिंग बोटांनी जरा ओढून लांब करा, किंवा बदला.

आणि “कितीही खराब टॉर्च”? टॉर्च रिचार्जेबल लिथियम सेलवर चालत असेल आणि सेल फुगलाय किंवा त्याला रसायनाचा वास येतोय, तर वरचं काहीच लागू नाही. ना सोडा, ना व्हिनेगर. त्यातल्या द्रावणाचा ओलाव्याशी संबंध आला की हायड्रोजन फ्लोराइडसारखा घातक वायू होऊ शकतो. तो सेल पुसायचा नसतो, मोकळ्या हवेत बाजूला ठेवून ई-कचऱ्यात द्यायचा असतो.

अल्कलाइन सेल नळीतच गळून, फुगून अडकून बसलाय, अशीही वेळ येते. पोटॅशियम हायड्रॉक्साइड ॲल्युमिनियम खातं, त्यामुळे नळीला आतून खड्डे पडलेले असतात आणि व्हिनेगरने खड्डे भरून येत नाहीत. माझ्याकडे अशी एक आली होती. सेल बाहेर काढायला डोक्याकडून दांडी ठोकावी असं फार वाटलं, पण ठोकली नाही. दबलेला सेल फुटून तोंडावर उडू शकतो. नळी सेलसकट ई-कचऱ्यात दिली. डोकं आणि मागचं बटण चांगलं होतं, ते काढून डबीत ठेवलंय.