पाचवं ध्येय परकं नाही: एका मेसेजला बडोद्यातून उत्तर

गेल्या महिन्यात एकच मेसेज मला तीन ठिकाणांहून आला. दांडिया बाजारातल्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर, भजनी मंडळाच्या ग्रुपवर आणि शाळेतल्या एका जुन्या मैत्रिणीकडून. मजकूर थोडक्यात असा: संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांमधलं (सगळ्या देशांनी मिळून २०३० पर्यंत गाठायच्या सतरा ध्येयांमधलं) पाचवं ध्येय, म्हणजे स्त्री-पुरुष समानता, हे पाश्चात्त्यांनी आपल्या गळ्यात मारलेलं खूळ आहे. त्यातून आईच्या मायेला पगार लावून घरं मोडायची आहेत. आपल्या मुली बोर्डात पहिल्या येतात, तेव्हा समानता केव्हाच झाली. पुरुषांचा त्यात विचारच नाही. आणि भारताने होकार दिल्यामुळे आता ते सांगतील ते मुकाट्याने करावं लागणार.

पाठवणारी माणसं माझी आहेत, मायेची आहेत. त्यांना उडवून लावायचं नाही, म्हणून एकेक मुद्दा घेते.

"पाश्चात्त्यांचं खूळ." शाश्वत विकास ध्येयांची कल्पना आधी मांडली ती कोलंबिया आणि ग्वातेमाला या देशांनी. मसुदा करणाऱ्या गटाचे दोन अध्यक्ष होते, एक केनियाचे आणि एक हंगेरीचे. त्या गटात भारत बसला होता, आणि तोही पाकिस्तान आणि श्रीलंकेबरोबर एका जागेत वाटेकरी म्हणून. २५ सप्टेंबर २०१५ ला सतरा ध्येयं मंजूर झाली, ती एवढ्या चर्चेनंतर.

पण मला याहून जवळची गोष्ट सांगायची आहे. बडोद्याच्या विद्यापीठातल्या हंसा मेहता लायब्ररीत आपल्यातल्या कितीतरी जणांनी परीक्षेच्या दिवसांत जागा धरून अभ्यास केला असेल. त्या हंसाबेन कोण, हे आपण विसरत चाललोय. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांची ही लेक. १९४९ साली सुरू झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. त्याआधी त्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या. हा आयोग मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा तयार करत होता, आणि मसुद्यात पहिलंच कलम 'ऑल मेन' असं सुरू होत होतं. आयोगाच्या अध्यक्ष अमेरिकेच्या एलिनॉर रूझवेल्ट होत्या. 'मेन' म्हणजे सगळेच, असा अर्थ धरला जातो, असं त्यांचं मत होतं. हंसाबेन अडून बसल्या, कारण या शब्दाचा आधार घेऊन उद्या बायकांना वगळता येईल, हे त्यांना दिसत होतं. १० डिसेंबर १९४८ ला जाहीरनामा मंजूर झाला तेव्हा तिथे 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' होतं. 'सर्व माणसं'. म्हणजे या बाबतीत शिकायची वेळ पाश्चात्त्यांवर आली होती, आणि शिकवलं बडोद्याच्या बाईने.

हे एकदाच झालेलं नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेलीत केला आणि १९०६ साली तो सगळ्या संस्थानाला लागू केला. त्यात मुलीही आल्या. १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद भरली, तिच्या पहिल्या अध्यक्ष बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. संयुक्त राष्ट्रं तेव्हा जन्मालाही आली नव्हती.

"आईच्या मायेला पगार." हा मुद्दा वाचून मला सगळ्यात वाईट वाटलं, कारण तो मनाला लगेच पटतो. पण ध्येयाच्या ५.४ कलमात पगार द्या असं कुठेच म्हटलेलं नाही. बिनपगारी घरकाम आणि सेवा-शुश्रूषा यांची दखल घ्या, त्यासाठी सार्वजनिक सोयी, पायाभूत सुविधा आणि सामाजिक सुरक्षा द्या, आणि त्या त्या देशाला साजेल अशा रीतीने घरातली जबाबदारी वाटून घ्यायला प्रोत्साहन द्या, असं ते म्हणतं. साध्या भाषेत सांगायचं तर नळाला पाणी, अंगणवाडी, पाळणाघर, म्हाताऱ्या माणसासाठी मदतीचा हात. यात घर मोडण्यासारखं काय आहे?

आपल्या सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार, अर्ध्या अर्ध्या तासाच्या चौकटी करून काय काय केलं ते विचारायचं, अशी तिची पद्धत. मी तशाच अठ्ठेचाळीस चौकटी वहीत आखल्या आणि एका साध्या मंगळवारी आईच्या मागे मागे फिरले. आई अडुसष्ट वर्षांची आहे. आजी, म्हणजे तिच्या सासूबाई, एक्क्याण्णव वर्षांच्या. डावा हात चालत नाही. पावणेसहाला मोटर लावून टाकी भरणं. मग दूध, चहा, आजीचं तोंड धुणं, कपडे बदलणं. पोळी आमटीत कुस्करून घास घास भरवणं, याला पाऊण तास लागतो, कारण घाई केली की आजीला ठसका लागतो. दुपारी आई टीव्हीसमोर बसली, तेव्हा मी 'विश्रांती' लिहायला पेन टेकवलं आणि पाहिलं तर तिच्या मांडीवर मटारचं ताट होतं. रात्री हिशेब केला: एकवीस चौकटी, साडेदहा तास. बाबांच्या तीन. बाबा आळशी नाहीत, दुष्ट तर मुळीच नाहीत. या कामांत आपला हात लागू शकतो असं त्यांना कधी कोणी सांगितलंच नाही. वही दाखवली तेव्हा आई म्हणाली, "रात्री आजीला कूस बदलायला दोनदा उठते, ते कुठंय?" ती चौकट झोपेत गेली होती.

त्या देशव्यापी पाहणीत स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा रोजचा वेळ सरासरी २९९ मिनिटं निघाला आणि पुरुषांचा ९७. ही सरासरीही फक्त त्या कामात हात घालणाऱ्यांची आहे. हात घालणाऱ्या बायका ८१ टक्के, पुरुष २६ टक्के. मोजल्याने माया कमी होत नाही. न मोजल्यामुळे मात्र आजीसाठी दिवसातून दोन तास कोणी मदतनीस मिळावी, ही गरज कुठल्याच योजनेत दिसत नाही.

"मुली बोर्डात पहिल्या येतात." येतात, आणि त्याचा मला अभिमान आहे. याआधीच्या, म्हणजे २००० सालच्या सहस्रक विकास ध्येयांतलं तिसरं ध्येय समानतेचंच होतं, पण त्याचं उद्दिष्ट शिक्षणात मुलगे-मुलींचं प्रमाण सारखं करण्यापुरतं होतं. म्हणून शाळेचं काम झालेलं दिसतं. २०१५ साली प्रश्न वाढवला: त्या मुलीचं पुढे काय? २०२३-२४ च्या श्रमशक्ती पाहणीत पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी ७८.८ टक्के कामात किंवा कामाच्या शोधात होते, बायकांपैकी ४१.७ टक्के. बी.कॉम.ला माझ्या बाकांवर बसणाऱ्या अकराजणींपैकी नोकरी टिकली तिघींची. बाकीच्यांना आकडेमोड येत नव्हती असं नाही, हे मी त्यांच्या वह्या उतरवून पास झालेय म्हणून सांगू शकते. आणि बोर्डात येण्याआधी मुलीला जन्माला यावं लागतं. २०११ च्या जनगणनेत गुजरातमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८९०.

"पुरुषांचा विचार नाही." ध्येयं सतरा आहेत, पाचवं त्यातलं एक. आत्महत्या तिसऱ्या, आरोग्याच्या ध्येयात मोजल्या जातात, रस्त्यावरचे अपघाती मृत्यूही तिथेच, दारूचं व्यसनही तिथेच. कामाच्या जागची सुरक्षितता आठव्या, रोजगाराच्या ध्येयात. या सगळ्यांत आपल्याकडे बळी जातात ते मुख्यतः पुरुष. शिक्षणाच्या चौथ्या ध्येयात मुलगे मागे असतील तर तेही मोजायचं आहे.

"सांगतील ते करावं लागणार." नाही. हा तह नाही, दंड नाही, कोर्ट नाही. देश आपणहून अहवाल मांडतात. भारताने २०१७, २०२० आणि २०२५ साली मांडला.

खरी काळजी उलट बाजूची आहे. मुदत २०३० ची, आणि संयुक्त राष्ट्रांच्याच २०२३ च्या अहवालात अंदाज दिला होता की या वेगाने जगातले बालविवाह संपायला ३०० वर्षं लागतील. बडोदे संस्थानाने बालविवाहाविरुद्ध कायदा केला १९०४ साली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २३.३ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं.

वहीचं ते पान मी, आईला विचारून, तिन्ही ठिकाणी पाठवलं आहे. रात्रीच्या दोन चौकटी तिने स्वतःच्या हाताने भरल्या आहेत.