‘पावत्या कुणी मोजतच नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: व्हीव्हीपॅटची, म्हणजे मतदान यंत्राला जोडलेल्या छपाई यंत्राची, पावती नुसती दाखवायला आहे, ती कुणी मोजत नाही, मोबाईलवरून निकाल फिरवता येतो, शिक्क्याच्या काळात असलं काही नव्हतं, तेव्हा यापुढं बूथवर उमेदवाराचा एजंट बसवू नका. मी आमच्या गावात एजंट म्हणून बसत आलोय. मेसेजमागची भीती मला कळते, पण त्यातला सल्ला आपलंच नुकसान करणारा आहे.

पावत्या मोजतात. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक विधानसभा क्षेत्रातली पाच मतदान केंद्रं चिठ्ठी टाकून काढून तिथल्या पावत्या मोजायला सांगितलं. बेळगाव लोकसभेत आठ विधानसभा क्षेत्रं, म्हणजे चाळीस केंद्रं. हे फार कमी आहे, असं माझंही मत आहे. एप्रिल २०२४ मध्ये सगळ्या पावत्या मोजायची मागणी न्यायालयाने फेटाळली, तेव्हा वाईट वाटलं. पण ‘कमी मोजतात’ आणि ‘मोजतच नाहीत’ यात फरक आहे. शिवाय निवडणूक नियमांतल्या ५६-डी प्रमाणे उमेदवाराला मतमोजणीच्या वेळी एखाद्या केंद्राच्या पावत्या मोजा, असा लेखी अर्ज करता येतो. अर्ज मान्य झाला आणि आकडा जुळला नाही, तर कागदाचा आकडा धरतात, मशीनचा नाही.

अर्ज निराधार वाटला तर तो फेटाळता येतो, म्हणून ठोस कारण हवं. ते कुठून आणणार? १७-सी मधून. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष हा फॉर्म भरतात: मशीनचा नंबर, एकूण किती मतं पडली. सहीची प्रत एजंटाला द्यायची असते, आणि मोजणीच्या दिवशी मशीनचा आकडा तिच्याशी ताडून बघता येतो. गेल्या लोकसभेला मला ‘उद्या ऑफिसात या’ असं सांगितलं गेलं. मी हललो नाही. प्रत हातात पडली तेव्हा बाहेर अंधार पडला होता. शेजारच्या बूथवरचा आमचा पोरगा मात्र चार वाजताच जेवायला म्हणून गेला तो आलाच नाही, आणि त्या बूथचा कागद आमच्याकडं आजही नाही. सकाळचंही तसंच. मतदानाच्या दीड तास आधी किमान पन्नास मतांचा मॉक पोल (चाचणी मतदान) होतो, पावत्या मशीनच्या आकड्याशी जुळवतात. त्या वेळी आपला माणूस समोर नसेल, तर नंतर शंका कुठल्या तोंडानं घ्यायची?

मोबाईलचं म्हणाल, तर या मशीनला बाहेरून जोडणारं वायरलेस काहीच नसतं. खरं लक्ष ठेवायला हवं ते उमेदवारांची नावं आणि चिन्हं व्हीव्हीपॅटमध्ये भरताना. ते उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर होतं, आणि त्या वेळी पाच टक्के मशीनवर हजार-हजार मतं टाकून बघता येतात. चिन्हं भरायची युनिटं निकालानंतर ४५ दिवस सीलबंद ठेवा, असं न्यायालयाच्या २०२४ च्या त्याच निकालात आहे. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत पाच टक्के मशीन तपासून मागता येतात, खर्च भरून.

शिक्क्याच्या काळाबद्दल एवढंच. १९९६ साली बेळगाव लोकसभेला ४५६ उमेदवार होते, मतदान कागदावरच होतं, आणि मतपेट्यांजवळ तेव्हाही एजंट लागत होतेच.

मेसेज लिहिणाऱ्याला जी गोष्ट दिसायला हवी होती, ती त्यात नाहीच. सप्टेंबर २०२१ मध्ये बेळगाव महापालिकेच्या ५८ वॉर्डांत मतदान झालं, त्या मशीनना व्हीव्हीपॅट नव्हतं. महापालिका, पंचायतीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, केंद्रीय निवडणूक आयोग नाही. तिथं पाचच काय, एकही पावती मोजता आली नसती, कारण पावतीच नव्हती. आपल्या नळाचा, गटारीचा, मराठी फलकाचा निर्णय जिथं होतो तिथंच कागद नसावा, याचा मला संताप येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने स्थानिक निवडणुका मतपत्रिकेवर घ्याव्यात, अशी शिफारस करायचं ठरवलं. मतपत्रिका येवो की व्हीव्हीपॅट, मोजता येईल असा कागद हवाच, ही मागणी प्रत्येक वॉर्डातून लेखी गेली पाहिजे. आमच्या वॉर्डाचा अर्ज मी लिहायला घेतलाय. आणि पुढच्या वेळेस आमच्या दोन्ही बूथवर शेवटपर्यंत थांबणारी माणसं हवीत. ज्यांना जमेल त्यांनी आत्ताच नाव कळवा.